नानांनी आवळलेलं चाक

नानांनी आवळलेला सांधा आजवर कधी गळला नव्हता. हे नाना स्वतः सांगत, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगत. पाणीपुरवठा खात्यातली त्यांची सगळी नोकरी गळती थांबवण्यात गेली होती. रस्त्याखालच्या नळाला कुठे पाझर फुटला की नानांना बोलावणं जाई. नाना खड्ड्यात उतरत, एक पाय मातीच्या भिंतीला टेकवत, पान्यावर सगळं अंग टाकत, आणि तो सांधा पुन्हा तक्रार करायचं नाव घेत नसे. हाताखालची माणसं आपसात म्हणत, की नानांनी बंद केलेला व्हॉल्व्ह उघडण्यापेक्षा शेजारून नवी लाइन टाकलेली परवडते. पण ते आपसात. नानांच्या कानापर्यंत ते कधी पोचलं नाही, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशीही ते ताठ मानेनेच खात्याच्या फाटकाबाहेर पडले.

घरातही हात तोच. नळ, गॅसची कळ, साखरेची बरणी, औषधाच्या बाटलीचं झाकण, जे जे फिरतं ते ते नाना फिरायचं थांबेपर्यंत फिरवत, आणि थांबल्यावर वर आणखी थोडं फिरवत. त्या शेवटच्या थोड्यावर त्यांचा फार जीव. बाकीचं जग तिथपर्यंत जातच नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. घरात कधी कुणी तक्रार केली नव्हती. सकाळी साखरेची बरणी हातात घ्यावी तर झाकण अलगद निघे. म्हणजे आपण आवळतो ते अगदी बेताचं, याबद्दल नानांच्या मनात शंका यायला काही कारणच नव्हतं.

अशा घरात त्यांच्या बायकोने, म्हणजे माईंनी, गाडी शिकायचं मनावर घेतलं.

माई घरीच शिवणकाम करत. बाहेरच्या खोलीत मशीन, मशीनवर कायम कुणाचा तरी अर्धा झगा. त्यांना एक मोठी बहीण, अक्का. ती दुसऱ्या गावी एकटी राहायची. गाडीने गेलं तर तीनेक तासांचा रस्ता. तिच्याकडे जायचं निघालं की नाना म्हणत, पुढच्या आठवड्यात जाऊ. आणि जेव्हा जात, तेव्हा सकाळी निघून संध्याकाळी परत, कारण नानांना परक्या घरी झोप येत नसे. आपल्या घरचे नळ रात्री एकदा बघितल्याशिवाय त्यांचा डोळा लागायचा नाही. बहिणी बहिणी जेमतेम खऱ्या बोलण्यावर आलेल्या असत आणि नाना बूट घालून दारात उभे असत. माईंनी यावर वाद घातला नाही. त्यांनी गुपचूप गाडी शिकवणाऱ्या क्लासात नाव घातलं. घरातल्यांना वाटलं, हौस आहे, फिटेल. हौस फिटली नाही, परवाना आला.

आणि मग अक्काच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. अक्का म्हणजे जन्मभर दुसऱ्यांना दरडावून घाबरवत आलेली बाई. तिने फोनवर बारीक आवाजात माईंना सांगितलं, "दुपारी आत नेणार आहेत. नंतर डोळ्यांवर पट्टी असेल. त्याच्या आधी तू एकदा समोर दिसलीस तर बरं वाटेल गं."

माईंनी सांगितलं, की मी येते. गाडी घेऊन येते, एकटी येते, आणि तुझी पट्टी सुटेपर्यंत राहायला येते. फोन ठेवला तेव्हा नाना मागेच उभे होते. ते नको जाऊ म्हणाले नाहीत. तसं म्हणणारा माणूस नव्हेच तो. नानांना भीती वाटली की ते बोलत नसत, पाना घेत.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीची तपासणी काढली. चारी चाकांना गुडघे टेकून झाले. पुढचं डावं चाक त्यांना जरा झिजलेलं वाटलं. डिकीतली स्टेपनी मात्र कोरी करकरीत होती, गाडी घेतल्यापासून रस्त्याला लागलीच नव्हती. बायको एकटी जाणार, तिला चांगलं चाक हवं, म्हणून नानांनी झिजलेलं चाक काढून डिकीत टाकलं आणि स्टेपनी पुढे लावली. मग चारी चाकांचे नट आवळले. थांबेपर्यंत, आणि वर थोडं. कपाळावरचा घाम पुसून ते घरात आले तेव्हा त्यांना फार हलकं वाटत होतं. बायकोची काळजी घेऊन झाली, आता ती जायला मोकळी, असं काहीसं त्यांच्या मनात आलं.

त्याच दिवशी दुपारी लेक आणि जावई राहायला आले. माई नसताना नानांना आणि नानांच्या आईला बघायला कुणीतरी हवं होतं. नानांच्या आईला सगळं घर आजी म्हणे. पाय थकलेले, पण नजर शाबूत. दिवसभर त्यांची खुर्ची रस्त्याकडच्या खिडकीत असे. बाहेरचं सगळं त्यांना दिसे, पण विचारल्याशिवाय त्या काही सांगत नसत. न विचारता सांगून जन्मभरात त्यांनी पुरेशी बोलणी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई तयार होऊन बाहेर आल्या. बॅग मागच्या सीटवर, पाण्याची बाटली पुढच्या. नाना शेवटची एक फेरी मारायला म्हणून गाडीच्या डाव्या बाजूला गेले आणि तिथेच थबकले. पुढचं डावं चाक, ते कोरं करकरीत, जमिनीला टेकून बसलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा सायकलचा पंप आणला. हवा एका बाजूने भरत होती आणि दुसऱ्या बाजूने सुस्कारा टाकत बाहेर पडत होती. जावयाने वाकून बघितलं तर टायरच्या कडेला लांबलचक भेग. न वापरलेलं चाक नवंच राहतं अशी नानांची समजूत होती. रबर मात्र इतकी वर्षं डिकीतल्या डिकीत म्हातारं होत होतं. म्हणजे चांगलं चाक डिकीत, आणि भेगाळलेलं रस्त्यावर, तेही नानांनी मुद्दाम अदलाबदल करून लावलेलं. नानांनी तो विषय वाढवला नाही.

"पाच मिनिटांचं काम आहे," नाना म्हणाले. "तू बस गाडीत."

माई गाडीत बसल्या नाहीत. फुटपाथवर पर्स धरून उभ्या राहिल्या.

जावयाने उत्साहाने आधी जॅक लावून गाडी उचलली. नानांनी पाना लावून जोर दिला तर नटाबरोबर सगळं चाकच गोल फिरलं. जावयाने चाक धरलं तर चाकाबरोबर जावई फिरायला लागला. आधी नट ढिले करायचे आणि मग गाडी उचलायची, हे नानांना ठाऊक होतं. पण जावयाला सगळ्यांसमोर कसं सांगायचं म्हणून ते गप्प बसले होते. गाडी पुन्हा खाली उतरवली. एवढ्यात पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती.

मग नानांनी बाह्या सरसावल्या आणि जोर लावला. काही नाही. श्वास रोखून लावला. नाना लाल झाले, मग त्याहून गडद झाले, नट होता तिथेच. जावयाने हात लावला, लेकीने लावला. तिघं मिळून लटकले. जन्मात पहिल्यांदाच नाना स्वतः आवळलेल्या नटाला समोरून भेटत होते. खात्यात आवळायचं काम त्यांचं आणि सोडवायचं दुसऱ्यांचं, अशी वाटणी असायची. त्या दुसऱ्यांची आठवण नानांना त्या सकाळी पहिल्यांदा आली.

"पायाने दाबतो," ते म्हणाले. चाकाच्या डाव्या अंगाला दिव्याचा खांब होता, उभं राहायला जागा नव्हती. म्हणून त्यांनी पान्याचा दांडा उजवीकडे धरला, जावयाच्या खांद्यावर हात टेकला आणि दांड्यावर उभे राहिले. आधी काही झालं नाही. मग कर्र आवाज झाला आणि दांडा बोटभर खाली गेला.

"हलला," लेक म्हणाली.

नानांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या दिवशीचं तेज आलं. त्यांनी पुन्हा एकदा अंग टाकलं, पुन्हा कर्र झालं. दुसऱ्या नटालाही तसंच केलं, तोही हलला. तिसऱ्याला जावई उभा राहिला. माईंनी पर्स खांद्याला लावली आणि गाडीचं दार उघडलं. वरचा शेजारी पंप परत घेऊन जायला आला होता, तोही थांबून कौतुकाने बघू लागला.

खिडकीतून आजींचा आवाज आला. "अरे, एक विचारू का? काल दुपारी जावईबापूंनी पाना लावला होता तेव्हा तेही उजव्या बाजूलाच उभे होते. मग ते सोडवत होते, का तू आवळतोयस?"

नानांनी पान्याकडे बघितलं, नटाकडे बघितलं, हवेत हात गोल फिरवून बघितला. जन्मभराची सवय होती. पाय आपला आपण आवळायच्या बाजूला पडला होता. गेली दहा-पंधरा मिनिटं तीन माणसांनी जिवाचं रान करून ते चाक आणखी घट्ट केलं होतं. शेजाऱ्याने पंप उचलला आणि तो वर निघून गेला.

पण नानांच्या डोक्यात दुसरंच वाक्य घुमत होतं. "जावईबापू," ते म्हणाले, "काल तुम्ही पाना लावला होता?"

जावई सासऱ्यासमोर शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. त्याने फोनवर एक चित्रफीत बघितली होती. त्यात एका गाडीचं चाक निघून गाडीच्याही पुढे पळत जात होतं. ते त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. नानांना विचारावं, की नीट आवळलंत ना, तर तो त्यांचा अपमान झाला असता. म्हणून नाना दुपारी आडवे झाल्यावर तो हळूच बाहेर गेला आणि चारी चाकं त्याने आपल्या परीने आवळली. त्याची परी म्हणजे व्यायामशाळेत जाणाऱ्या माणसाची.

नाना काही बोलणार एवढ्यात लेकीने खाली बघत सांगितलं, की संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला म्हणून ती बाहेर आली तेव्हा तिनेही.

"तू कशाला?" नानांनी विचारलं.

"बाबा, रागावू नका. मला वाटलं, तुमच्या हातात आता पूर्वीएवढा जोर राहिला नसेल."

हे नानांना लागलं. जावयाचं लागलं नव्हतं, कारण तो परक्या घरचा. लेकीने लहानपणापासून त्या हाताचा जोर बघितला होता, आणि तिला तो आता पुरेसा वाटत नव्हता. नानांनी पाना उचलला आणि नव्या इरेने दुसऱ्या बाजूला लावला. माईंनी हँडब्रेक सोडला, तिघांनी ढकलून गाडी खांबापासून हातभर मागे घेतली. त्या दिवशीचा माईंचा प्रवास तेवढाच झाला होता. ऊन वर यायला लागलं होतं आणि अक्का दवाखान्यात खाटेवर बसून दाराकडे बघत असणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

पुन्हा जोर लावला, तरी नट जागचा हलेना. आता दांड्याला लांबी हवी होती. लांब पाइप घालायचा, म्हणजे थोडक्या जोरात जास्त काम होतं, हे नानांना पक्कं माहीत होतं. घरात तसा पाइप एकच, मागच्या बाजूला कपडे वाळत घालायचा. तो भिंतीला पट्ट्यांनी बसवलेला होता. बसवलेला नानांनी. पट्ट्यांचे स्क्रू आवळले होते तेही नानांनीच. जावई आणि नाना मागे गेले. बराच वेळ धपधप, ओढाओढ आणि दबलेले आवाज ऐकू आले. मग मोठा आवाज झाला आणि दोघं पाइप घेऊन आले. पाइपच्या दोन्ही टोकांना पट्ट्या शाबूत होत्या, पट्ट्यांना स्क्रू शाबूत होते, आणि स्क्रूंना भिंतीचे दोन मोठे तुकडे चिकटले होते. भिंत सुटली होती, स्क्रू सुटले नव्हते. त्यांनी ते तुकडे फुटपाथच्या कडेला आपटून झाडले.

पाइप दांड्यावर चढवला. या खेपेला बाजू बरोबर असल्याची आजींकडून खात्री करून घेतली. नाना आणि जावई पाइपाच्या टोकाला लोंबकळले. गाडी कण्हली, एका अंगावर झुकली, पण नट फिरेना. मग कुठूनतरी एक बारीक, खोल आवाज आला. नानांनी लगेच हात वर केला. तो आवाज त्यांनी खड्ड्यांमध्ये ऐकला होता. बोल्ट तुटायच्या आधी असाच कुरकुरतो. आता आणखी जोर दिला असता तर नट सुटला नसता, बोल्टच गेला असता, आणि मग गाडी आजच काय, या आठवड्यातही हलली नसती.

नाना पायरीवर बसले. हातांकडे बघत म्हणाले, "माझ्याच्याने नाही होणार. तू बसने जा. मी स्टँडवर सोडतो."

बसने दुपार होऊन गेली असती, हे त्यांनाही कळत होतं. त्यांना इतकं वाईट वाटत होतं, की रडूच यायचं बाकी होतं. त्यांना वाटलं, लोकांचं पाणी जन्मभर जागेवर पोचवलं आपण, आणि आपल्या बायकोला तिच्या बहिणीपर्यंत पोचवता येत नाही. वर आपणच तिचा रस्ता अडवून बसलोय, तोही एका नटावर सगळं अंग टाकून.

माईंनी पर्स लेकीच्या हातात दिली. "बाजूला व्हा," त्या म्हणाल्या.

त्या घरात गेल्या आणि शिवणयंत्राची तेलाची बारीक चोचीची डबी घेऊन आल्या. बरोबर लाकडी लाटणं. पदर खोचून त्या चाकासमोर बसल्या. प्रत्येक नटाच्या मुळाशी दोन थेंब सोडले आणि लाटण्याच्या टोकाने नटाच्या कडेकडेने हळूहळू ठोकायला लागल्या. जोरात नाही. निजलेल्याला उठवताना मारतात तसं. मग थांबल्या.

"आता?" जावयाने विचारलं.

"आता थांबायचं."

त्या घरातल्या माणसांना याहून अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं. जावयाने पाना उचलला आणि ठेवला. लेक पाइप पुसायला लागली. नाना उठले, बसले. तेल आपल्या गतीने आत उतरत होतं आणि कुणाला त्यात काही करण्यासारखं नव्हतं.

"हे तू कुठे शिकलीस?" शेवटी नानांनी विचारलं.

"साखरेच्या बरणीवर," माई म्हणाल्या. त्यांचं लक्ष नटाकडेच होतं. "तुम्ही रात्री बरण्या लावता. मी सकाळी तुमच्या आधी उठते, सगळ्या सोडवते, आणि झाकणं नुसती वर ठेवते. सासूबाईंच्या औषधाची बाटलीसुद्धा."

रोज सकाळी अलगद निघणारं ते झाकण नानांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आणखी नीट लावल्या असत्या."

लेक हसली, जावयाला हसावं की नाही कळेना. नानाही कसनुसं हसले. पण माई हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं लाटणं मांडीवर ठेवलं आणि सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"आता माझंही ऐका," त्या म्हणाल्या. "आज पहाटे मी उठले आणि पाना घेऊन इथे आले. चारी चाकं आवळली. दोन्ही पाय देऊन उभी राहिले पान्यावर. तेव्हा हे चाक बसलेलं नव्हतं."

"आई, तूसुद्धा?" लेक म्हणाली.

"तुमच्यापैकी एकजण तरी नको जाऊ म्हणाला असता तर मी भांडले असते आणि निघाले असते. तसं कुणी म्हणालं नाही. तुम्ही सगळे नुसते गुपचूप घाबरत राहिलात. मग मलाही वाटायला लागलं, की यांना काहीतरी दिसतंय, जे मला दिसत नाही. माझ्या गाडी चालवण्यापेक्षा तुमच्या घाबरण्यावर माझा विश्वास बसायला लागला."

नानांना तिच्याकडे बघवेना. आपण बायकोला चांगलं चाक दिलं, चारी चाकं पक्की केली, असं ते धरून चालले होते. आणि या सगळ्यातून आपण तिला खरी दिली ती आपली भीती, असं त्यांना त्या पायरीवर बसून कळलं. त्यांची चूक होती, आणि ती जॅकने उचलण्यासारखी नव्हती.

"मी बघितलं होतं पहाटे," खिडकीतून आजी म्हणाल्या. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

माईंनी पाना लावला, त्यावर पाइप चढवला. त्यांनी नट आधी आवळायच्या बाजूला अगदी केसभर दाबला. नाना ओरडणारच होते, पण त्यांनी जिभेला आवर घातला. मग माईंनी पाइप उलटीकडे धरला आणि सगळं अंग न टाकता एकच झटका दिला. टक् असा आवाज झाला. नट सुटला. नट सुटल्याचं सोडवणाऱ्याच्या हाताला आधी कळत असावं, कारण माईंनी मान वर न करता पुढच्या नटाला पाना लावला.

दुसरा सुटला, तिसरा सुटला. चौथ्याने थोडे आढेवेढे घेतले, त्याला आणखी दोन थेंब आणि थोडी समजूत घालावी लागली. मग तोही आला. जावयाने जॅक लावला, या वेळी योग्य वेळी. भेगाळलेलं चाक निघालं, डिकीतलं झिजलेलं, पण धडधाकट चाक जागेवर गेलं. गाडी खाली उतरली आणि नट आवळायची वेळ आली.

जावई पुढे झाला आणि लेकीने त्याला दंडाला धरून मागे घेतला. नाना पुढे झाले आणि त्यांचे ते थांबले. पाना माईंच्या हातात होता. नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

माई एकेक नट आवळत गेल्या. समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, क्लासात शिकवलं होतं तसं. शेवटच्या नटाला हात थांबला. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे बघितलं.

"बस?"

आणखी थोडं, हे शब्द नानांच्या अगदी ओठांवर होते. जन्मभर प्रत्येक सांध्याला त्यांनी तेवढं वर दिलं होतं. बायको तीन तास एकटी रस्त्यावर असणार, समोरून ट्रक येणार, घाट लागणार, आणि या चाकाला तेवढं थोडं मिळालेलं नसणार.

"बस," ते म्हणाले.

माईंनी पाना डिकीत टाकला, हात पुसले, सासूबाईंना खिडकीतूनच येते म्हणून सांगितलं आणि त्या गाडीत बसल्या. गाडी एक धक्का खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदा सुरू झाली, खांबाला टाळून रस्त्याला लागली, वळणावर सिग्नल देऊन वळली आणि दिसेनाशी झाली. वळणावर तिथे कुणीही नव्हतं, तरी माईंनी सिग्नल दिला, याचं नानांना फार बरं वाटलं.

तिघंही रस्त्यावर उभे होते. मग जावयाने हळूच विचारलं, "बाबा, पण बाकीची तीन चाकं?"

ती तीन चाकं चौघांनी आवळलेली होती. वाटेत त्यातलं एखादं बसलं, तर माई कुठल्या तरी माळावर एकट्या, धड स्टेपनी नाही, पाइप नाही, लाटणं नाही. लेकीने फोन बाहेर काढला. नाना तिच्या हाताकडे बघत राहिले.

"नको," ते म्हणाले. "ठेव तो. गाडी चालवतेय ती."

ती दुपार त्या घराला फार मोठी गेली. नानांनी भिंतीला पडलेली भोकं सिमेंटने बुजवली. मग स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या बरण्यांची झाकणं एकेक करून उघडून बघितली आणि परत ठेवली. ठेवताना ती फिरवायची की नुसती टेकवायची, हे ठरवण्यात त्यांचा बराच वेळ गेला. नळाकडे दोनदा गेले आणि हात न लावता परत आले. फोन टेबलावर पालथा ठेवला होता. तो कुणी सुलटा करत नव्हतं, पण सगळ्यांचं लक्ष त्याच्याचकडे होतं.

दिवेलागणीला फोन वाजला. पहिल्याच घंटेला नानांनी उचलला.

माई वेळेत पोचल्या होत्या. अक्काला आत न्यायला माणसं आली, तेव्हा त्या तिच्यासमोर उभ्या होत्या. अक्काने त्यांना डोळे भरून बघून घेतलं आणि म्हणाली, किती घामेजलीयस, तोंड तरी पुसायचं. मग ती आत गेली. सगळं नीट झालं होतं. आता ती पट्टी बांधून झोपली होती आणि झोपेतही कुणालातरी दरडावत होती. सांगता सांगता माईंचा आवाज भरून आला.

"गाडी?" नानांनी विचारलं.

"गाडीला काय झालंय? चालली की. इथे दवाखान्याशेजारी गॅरेज आहे. त्याच्याकडून बाकीची तीन चाकं सोडवून बेताने लावून घेतली. त्याने यंत्र लावलं, तरी घाम फुटला बिचाऱ्याला. म्हणाला, बाई, हे ट्रकच्या गॅरेजात आवळून घेतलंत का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही, घरच्यांनी आवळलंय," माई म्हणाल्या. "मग त्याने पुढे काही विचारलं नाही. त्यालाही घर असेल."